जुनी मोटार घेण्यापूर्वी तिचा पूर्वेतिहास आणि कागदपत्रे कशी तपासावीत

जुनी मोटार पाहायला गेलेला माणूस सहसा तासभर इंजिनाचा आवाज ऐकतो, रंगावरून हात फिरवतो, टायर निरखतो आणि निघता निघता कागदपत्रांवर पाच मिनिटे नजर टाकतो. हा क्रम उलटा असावा, असे मला मनापासून वाटते. क्लच घासला असेल किंवा सस्पेन्शन वाजत असेल, तर त्याचा खर्च किती येईल हे मेकॅनिक सांगू शकतो. परंतु आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहिला असेल, गाडी न्यायालयाच्या सुपुर्दनाम्यावर (विकणार नाही अशा अटीवर) सोडवलेली असेल किंवा तिच्यावरचा चॅसिस क्रमांक मुळात दुसऱ्याच गाडीचा असेल, तर तो दोष कोणत्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होत नाही.

आपल्याकडे मोटारीचा सगळा इतिहास एका ठिकाणी मिळत नाही. नोंदणी आरटीओकडे असते, कर्जाचा तपशील बँकेकडे, अपघाताचे दावे विमा कंपनीकडे, दंड वाहतूक पोलिसांकडे आणि देखभालीच्या नोंदी सर्व्हिस सेंटरकडे असतात. त्यामुळे एकेक कागद सुटा पाहून तो खरा आहे की खोटा हे ठरवणे पुरेसे होत नाही. सर्व कागद शेजारी मांडून त्यांतील तारखा, क्रमांक आणि नावे परस्परांशी जुळतात का, हे पाहावे लागते. समजण्यास सोपे जावे म्हणून एक उदाहरण घेऊ: २०१७ साली पुण्यात नोंदलेली, एमएच-१२ क्रमांकाची पेट्रोल हॅचबॅक, जिची विक्रेता ‘फर्स्ट ओनर, ४२ हजार किलोमीटर, एकही अपघात नाही’ अशी ओळख करून देत आहे.

पहिली पायरी: गाडी पाहण्याआधी कागद मागवावेत

आरसीच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे, गेल्या तीन वर्षांच्या विमा पॉलिसी, चालू पीयूसी, सर्व्हिसची बिले आणि कर्ज घेतले असल्यास बँकेचे पत्र, एवढे विक्रेत्याकडून फोनवरच मागावे. संपूर्ण चॅसिस क्रमांकही मागावा. शासकीय संकेतस्थळावर तो अर्धवट झाकलेला दिसतो आणि पुढच्या बहुतेक तपासण्यांना त्याचे शेवटचे आकडे लागतात. अनोळखी माणसाला क्रमांक देण्यास विक्रेता कचरत असेल, तर त्यात गैर काही नाही. तो प्रत्यक्ष भेटीत दाखवला तरी चालेल. मात्र भेटीतही टाळाटाळ होत असेल, तर त्या गाडीवर अधिक वेळ घालवू नये.

छापील आरसी किंवा तिची झेरॉक्स यांवर विसंबून राहू नये. गाडीच्या मालकाला आपल्यासमोर त्याच्या मोबाइलवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲप उघडून तेथील आरसी दाखवण्यास सांगावे. यातून दोन गोष्टी एकदम कळतात: नोंद खरी आहे, आणि समोर बसलेली व्यक्तीच नोंदणीकृत मालक आहे.

दुसरी पायरी: ‘वाहन’ प्रणालीतील नोंद ओळ न ओळ वाचावी

परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर मोबाइल क्रमांकाने प्रवेश करून गाडीचा नंबर टाकला की तिची मूलभूत नोंद दिसते. बरेच जण तेथे मालकाचे नाव आणि विम्याची मुदत पाहून थांबतात. खरे तर प्रत्येक रकाना काही ना काही सांगत असतो.

मालकाचा अनुक्रमांक पाहावा. आपल्या उदाहरणातील विक्रेता फर्स्ट ओनर म्हणत असेल आणि तेथे २ हा आकडा असेल, तर चर्चा तेथेच थांबवून आधी खुलासा मागावा. कधी कधी वडिलांच्या निधनानंतर गाडी मुलाच्या नावावर झालेली असते आणि अनुक्रमांक त्यामुळे वाढलेला असतो. हे कारण समाधानकारक आहे, पण ते कागदांतून दिसले पाहिजे. मालक वारला असून गाडी अजून त्याच्याच नावावर असेल, तर आधी वारसाने फॉर्म ३१ भरून ती स्वतःच्या नावावर करून घ्यावी आणि मगच व्यवहार करावा.

उत्पादनाचा महिना आणि नोंदणीची तारीख यांतील अंतर पाहावे. दोन-चार महिन्यांचे अंतर सामान्य आहे. एक वर्षाचे असेल, तर गाडी शोरूममध्ये पडून होती किंवा डेमोसाठी वापरली गेली असावी, आणि किंमत ठरवताना उत्पादनाचे वर्ष धरावे. उत्सर्जन मानकाचा रकाना तर फार उपयोगाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ वाहनांची विक्री आणि नोंदणी बंद झाली. त्यामुळे त्यानंतरच्या तारखेला पहिल्यांदा नोंदलेली बीएस-४ मोटार समोर आली, तर आरटीओकडून लेखी खुलासा मिळेपर्यंत तिला हात लावू नये.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते आणि पुढे तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. २०१७ ची गाडी २०३२ पर्यंत चालेल. परंतु २०१२ ची गाडी घेणाऱ्याने नूतनीकरणाचे शुल्क, पर्यावरण कर आणि फिटनेससाठीची दुरुस्ती हा सगळा खर्च आजच किमतीत धरला पाहिजे.

‘ब्लॅकलिस्ट’ आणि ‘एनओसी’ (दुसऱ्या आरटीओकडे नेण्यासाठी घेतलेले ना हरकत प्रमाणपत्र) हे दोन रकाने रिकामे असावेत. वाहनाचा प्रकारही तपासावा. टी परमिटवर टॅक्सी म्हणून चाललेली गाडी पुढे खासगी करून विकली जाते. ते बेकायदेशीर नाही, पण अशा गाडीची धाव आणि झीज खासगी गाडीपेक्षा पुष्कळ अधिक असते. जुन्या पॉलिसीवर ‘कमर्शियल’ असा शब्द असणे किंवा बॉनेटखाली स्पीड गव्हर्नरच्या वायरिंगचे अवशेष असणे या त्याच्या खुणा आहेत. इंधनाच्या रकान्यात फक्त पेट्रोल असताना डिकीत सीएनजीची टाकी दिसली, तर किट आरसीवर चढवलेले नाही असे समजावे. अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारण्याचा धोका त्यात असतो. टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची चाचणी, झाली आहे का तेही पाहावे.

तिसरी पायरी: चॅसिस क्रमांक डोळ्यांनी पडताळावा

आरसीवरचा क्रमांक आणि लोखंडावर कोरलेला क्रमांक एकच आहे का, हे स्वतः पाहावे. हे काम एजंटावर सोपवू नये. मॉडेलप्रमाणे हा क्रमांक बॉनेटखाली फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यावर), समोरच्या सीटखाली किंवा काचेच्या कोपऱ्यात असतो. नेमकी जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. तो १७ अक्षर-आकड्यांचा असतो आणि शून्य व एक यांच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरली जात नाहीत. ही अक्षरे दिसली, तर क्रमांक बनावट आहे असे धरावे. पहिली तीन चिन्हे उत्पादकाची असतात: मारुती सुझुकीची एमए३, ह्युंदाईची एमएएल, टाटाची एमएटी. बहुतेक उत्पादकांच्या क्रमांकात दहावे चिन्ह वर्ष सांगते. २०१७ साठी एच, २०१८ साठी जे, २०१९ साठी के. आपल्या हॅचबॅकवर तेथे एफ असेल, तर ती २०१५ ची आहे.

अक्षरांची उंची आणि अंतर समान आहे का, आजूबाजूला घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा आहेत का, त्या भागाचा रंग शेजारच्या पत्र्यापेक्षा वेगळा आहे का, हे टॉर्चच्या प्रकाशात पाहावे. हे इतके बारकाईने सांगण्याला कारण आहे. अपघातात पूर्ण निकामी झालेली गाडी भंगारात विकली जाते, तिची आरसी मात्र रद्द न होता शिल्लक राहते, आणि तिचा चॅसिस क्रमांक त्याच मॉडेलच्या चोरीच्या गाडीवर चढवला जातो. ‘वाहन’वर अशा गाडीची नोंद स्वच्छ दिसते, कारण ती नोंद खरीच असते, खोटी असते ती गाडी.

हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही येथेच पाहावी. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्या ती लावूनच येतात, आणि त्याआधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात ती नंतर बसवणे बंधनकारक झाले. प्लेटवरचा लेसरने कोरलेला क्रमांक आणि समोरच्या काचेवरच्या स्टिकरवरचा क्रमांक जुळला पाहिजे. पेट्रोल आणि सीएनजी गाडीचे स्टिकर फिकट निळे, तर डिझेलचे नारिंगी असते. प्लेट नसेल, तर ते काम विक्रेत्याकडूनच आधी करून घ्यावे.

चौथी पायरी: बोजा उतरला आहे का

कर्ज फिटणे आणि बोजा उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटचा हप्ता भरला की बँक ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देते. पण तो फॉर्म आरटीओत सादर होऊन नोंद निघेपर्यंत आरसीवर बँकेचे नाव राहते आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. पुष्कळ मालक ते पत्र फायलीत ठेवून देतात, आणि वर्षांनंतर विकताना कळते की पत्राची मुदत संपली आहे. आमच्या नात्यातल्या एकाने ‘कर्ज कधीच संपले आहे’ या शब्दावर पूर्ण रक्कम दिली. कर्ज खरोखर संपले होते, परंतु कर्ज देणारी वित्तसंस्था मधल्या काळात दुसऱ्या संस्थेत विलीन झाली होती, आणि नवे पत्र मिळून गाडी नावावर होईपर्यंत सात महिने गेले.

म्हणून ‘वाहन’वर बोजाची नोंद दिसत असेल, तर विक्रेत्याने ती आधी काढावी आणि मग व्यवहार करावा. कर्ज अजून चालू असेल, तर बँकेकडून त्या दिवसापर्यंतच्या बाकीचे पत्र मागावे, तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरावी आणि उरलेली फॉर्म ३५ हाती आल्यावर द्यावी. डुप्लिकेट आरसी असेल, तर मूळ आरसी हरवल्याची पोलीस तक्रार पाहावी.

पाचवी पायरी: दंड आणि पोलिसांकडील नोंदी

ई-चलान दोन ठिकाणी पाहावे: महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आणि केंद्राच्या ई-चलान संकेतस्थळावर. केवळ एकीकडे पाहिल्यास परराज्यात झालेला दंड सुटू शकतो. दंडाची यादी रकमेपलीकडेही बोलते. पुण्यातच वापरलेली म्हणून सांगितलेल्या गाडीवर सोलापूर किंवा हैदराबाद महामार्गावरची अतिवेगाची चलाने असतील, तर मीटरच्या आकड्याकडे पुन्हा पाहावे लागेल.

गाडी चोरीची आहे का, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ माहितीतून पाहता येते. डिजिटल पोलीस नागरिक सेवा संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक, चॅसिस आणि इंजिन क्रमांक भरल्यास त्या वाहनाविषयीचा अहवाल मिळतो. ही सेवा फार कमी लोक वापरतात, याचे मला वाईट वाटते. गंभीर अपघातानंतर पोलिसांनी जप्त केलेली गाडी न्यायालय मालकाला सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यास हजर करण्याच्या आणि विकणार नाही अशा अटींवर परत देते. असा खटला आहे का, हे विक्रेत्याला थेट विचारावे आणि ‘नाही’ हे उत्तर विक्री करारात लिहून घ्यावे.

सहावी पायरी: विम्याची पॉलिसी

अपघाताचा इतिहास जाणण्यासाठी विमा पॉलिसीइतका बोलका कागद दुसरा नाही. नो क्लेम बोनस दावा न केल्यास दर वर्षी २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढतो आणि दावा झाला की साधारणपणे शून्यावर येतो. आपल्या २०१७ च्या, एकही अपघात न झालेल्या, एकाच मालकाच्या गाडीला आज ५० टक्के बोनस असायला हवा. पॉलिसीवर २० टक्के असेल, तर अलीकडेच एक दावा झाला आहे किंवा विमा ९० दिवसांहून अधिक काळ खंडित होता. दोन्हींचा खुलासा मागावा. बोनस संरक्षणाचे जादा कवच घेतले असेल, तर दावा होऊनही बोनस टिकू शकतो. म्हणून पॉलिसीतील जादा कवचांची यादीही वाचावी. मागील मालकाचा बोनस गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे सेकंड ओनरकडून गाडी घेताना हा हिशोब त्याच्या खरेदीच्या तारखेपासून करावा.

गेल्या काही वर्षांत फक्त थर्ड पार्टी, म्हणजे केवळ दुसऱ्याच्या नुकसानीचा, विमा असेल, तर त्या काळातील अपघातांची नोंद विमा कंपनीकडे नसेल. अशा वेळी मालकालाच कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून दाव्यांचा तपशील ईमेलवर मागवण्यास सांगावे. दुरुस्तीचा अंदाज विमित मूल्याच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांहून अधिक झाला की कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. असा दावा झालेली गाडी पुन्हा उभी करून विकली जात असेल, तर ती कोणत्याही किमतीला घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात या ठिकाणी पुराचा विचार करावाच लागतो. जुलै २००५ मध्ये मुंबईत, ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्येच चिपळुणात असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. एमएच-०८, ०९ किंवा १० क्रमांकाची त्याआधीची गाडी पाहताना त्या महिन्यांनंतर विम्याचा दावा, मोठी दुरुस्ती किंवा मालकाची बदली झाली आहे का, हे तारखा लावून पाहावे. त्या गाड्या पुढे दुसऱ्या जिल्ह्यांत गेलेल्या असू शकतात, म्हणून पुण्या-मुंबईत गाडी दिसली तरी नंबर वाचावा. प्रत्यक्ष तपासणीत सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून मातीची रेघ पाहावी, कार्पेट उचलून सीटच्या रुळांवरचा गंज पाहावा, स्टेपनीच्या खोबणीत आणि फ्यूजच्या डब्यात गाळ आहे का ते पाहावे. धुतलेली गाडी वरून स्वच्छ दिसते. या जागा मात्र सहसा कोणी धूत नाही. आणि यावरून त्या जिल्ह्यांतल्या प्रत्येक गाडीवर संशय घेऊ नये. तेथील बहुसंख्य मालक प्रामाणिक आहेत आणि त्यांनी आधीच पुष्कळ सोसले आहे.

सातवी पायरी: मीटरचा आकडा

डिजिटल मीटरही मागे फिरवता येते, म्हणून ४२ हजार हा आकडा पुरावा नाही, केवळ दावा आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटर मालकाच्या संमतीने चॅसिस क्रमांकावरून जुन्या जॉब कार्डांची यादी दाखवते. तीत प्रत्येक भेटीची तारीख आणि किलोमीटर असतात. आकडे चढत जाऊन मध्येच उतरले, किंवा ५८ हजारांवर नोंदी थांबून पुढे गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये जाऊ लागली, तर निष्कर्ष उघड आहे.

नोंदी नसतील, तर टायर पाहावे. बाजूच्या भिंतीवरील शेवटच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. चार वर्षांत चारही टायर बदललेली गाडी तेव्हा २० हजार किलोमीटर चालली होती, हे पटण्यासारखे नाही. फास्टॅगचे जुने विवरणही मागावे. ‘फक्त ऑफिसला जाणारी’ गाडी दर शनिवारी खालापूरचा टोल ओलांडत असेल, तर ते तेथे तारखेनिशी दिसते. हा मार्ग मला सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण मीटर फिरवणाऱ्याला टोलनाक्याची नोंद पुसता येत नाही.

परराज्यातील गाडी असल्यास

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तेथील मोटारी स्वस्तात इकडे येऊ लागल्या. अशी गाडी घेताना मूळ आरटीओचे फॉर्म २८ वरील ना हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रात भरावा लागणारा कर आणि नव्या क्रमांकाचा खर्च एकत्र मांडूनच किंमत ठरवावी. पुष्कळदा स्वस्ताई तेथेच संपते. परराज्यातील क्रमांकावर बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ येथे गाडी ठेवता येत नाही. बीएच (भारत) मालिकेच्या, म्हणजे राज्य बदलले तरी तोच क्रमांक चालणाऱ्या, गाडीवर कर सहसा दोन वर्षांपुरता भरलेला असतो, आणि घेणारा त्या मालिकेस पात्र नसेल, तर साधा क्रमांक घेऊन कर भरावा लागतो.

पैसे देण्याची आणि नावावर करण्याची पायरी

विक्रेता स्वतः नोंदणीकृत मालक नसून त्याने आधीच्या मालकाकडून सह्या केलेले कोरे टीटीओ (मालकी हस्तांतरणाचे) फॉर्म घेऊन ठेवले असतील, तर सावध व्हावे. मधल्या माणसाचे नाव कोठेच येत नाही आणि पुढे वाद झाला, तर कोणाला धरायचे हे ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात, नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मोटार वाहन कायद्यानुसार मालक, असे स्पष्ट केले आहे. त्यामुळे गाडी लवकर नावावर होण्यात मूळ मालकाचेही हित आहे आणि तो सहसा सहकार्य करतो. व्यापाऱ्याकडून घेत असल्यास त्याच्याकडे आरटीओचे अधिकारपत्र आहे का ते विचारावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अधिकृत व्यापाऱ्याकडे गाडी सोपवल्याची नोंद ऑनलाइन करता येते.

फॉर्म २९ ही विक्रेत्याने द्यायची सूचना आणि फॉर्म ३० हा घेणाऱ्याने करायचा अर्ज. राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. ऑनलाइन अर्जाचा ओटीपी ‘वाहन’मध्ये नोंदलेल्या मोबाइलवर जातो, म्हणून विक्रेत्याचा तो क्रमांक चालू आहे याची खात्री पैसे देण्याआधी करावी. बंद पडलेल्या जुन्या क्रमांकामुळे कित्येक अर्ज अडतात. टोकन रक्कम लहान ठेवावी आणि ती बँकेतून, नोंदणीकृत मालकाच्याच खात्यात द्यावी. उरलेली रक्कम अर्ज दाखल झाल्यावर द्यावी आणि काही भाग नाव बदलेपर्यंत राखून ठेवण्याचे करारात लिहावे.

गाडी ताब्यात घेताना तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा लिहिलेल्या पावतीवर दोघांनी सह्या कराव्यात. त्या क्षणाआधीचे चलान विक्रेत्याचे आणि नंतरचे आपले. विमा कंपनीकडे १४ दिवसांत अर्ज करून पॉलिसी नावावर करावी, कारण थर्ड पार्टी कवच आपोआप पुढे चालू राहिले तरी गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे कवच तसे राहत नाही. विक्रेत्याचा फास्टॅग बंद करून नवा घ्यावा. मग दर आठवड्याला ‘वाहन’वर गाडीचा नंबर टाकून पाहावे आणि मालकाच्या रकान्यात आपले नाव आल्यावरच राखून ठेवलेली रक्कम विक्रेत्याच्या खात्यात पाठवावी.